मिळतं काय, असं विचारणाऱ्यांना

सांगलीत किंवा साताऱ्यात कुणी बाई दारात बसून नातवासाठी टोपडं विणत असली, तर येणारा-जाणारा पहिला प्रश्न विचारतो तो किमतीचा. हे विकता का? कितीला पडतं? भडंग चवीला उतरले की लगेच सुचवतात, पाकिटं करा. पुरणपोळी मऊ झाली की ऑर्डरी घ्या. आणि एखादी दुपारभर कादंबरी वाचत बसली, तर तिला विचारण्यासारखं काही उरतच नाही, कारण वाचलेलं विकता येत नाही. तिच्याबद्दल एवढंच म्हणतात की बसलीय पुस्तक घेऊन.

हे बोलणारी माणसं वाईट नाहीत. बरेच जण कळकळीनं बोलतात. महिला दिनाच्या व्यासपीठावरून, बचत गटांच्या मेळाव्यातून, आता मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून एकच उपदेश वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येतो: हातात कला आहे तर तिचं उत्पन्न करा, नाहीतर त्यात वेळ घालवू नका. याच्या समोर उभा असलेला दुसरा पक्ष अधिक शिकलेला आहे. तो म्हणतो, विणकाम, स्वयंपाक, घर यांचे गोडवे गाणं म्हणजे बायकांना पुन्हा चुलीशी बांधणं. हे दोन पक्ष एकमेकांचे विरोधक आहेत असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. घरात जे होतं ते घराबाहेर पोचल्याशिवाय त्याला मोल नाही, हे दोघांनीही गृहीत धरलेलं आहे. माझं भांडण त्या गृहीताशी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. घरच्या कलेवर पोट भरणाऱ्या बाईबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पहाटे उठून भाकऱ्या थापून खानावळीला पोचवणारी, पापड लाटून मुलांची फी भरणारी बाई जे कमावते ते तिच्या घामाचं आहे, आणि त्या पैशामुळे घरात तिचा शब्द ऐकला जातो हेही खरं आहे. हरकत आहे ती सक्तीला. ज्या बाईला विकायचं नाही तिलाही आपण विकत नाही याची लाज वाटायला लावणं, याला मी विरोध करते.

विकायला घेतलं की काम बदलतं, हे ज्यांनी सुया हातात धरल्या आहेत त्यांना सांगावं लागत नाही. बाळाचा स्वेटर घरच्यासाठी विणताना बाई अंदाज बांधत असते: मूल थंडीपर्यंत किती वाढेल, गळा किती मोठा ठेवावा, बाह्या दुमडता येतील एवढ्या लांब कराव्यात का. काठाला दोन सुलट दोन उलट, मग नक्षी, मग खांद्याकडे येताना दोन टाके एकत्र घेऊन कमी करत जाणं. मध्येच नक्षी चुकली तर चार ओळी उसवायच्या आणि पुन्हा विणायच्या. या उसवण्यात तिला तोटा नसतो. तिथं तिचं डोकं चाललेलं असतं. मोजणं, आठवणीत ठेवणं, पुढचं ताडणं हे सगळं त्या दोन सुयांवर होत असतं, आणि तेही गप्पा मारता मारता. तेच काम ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या मापात, एकसारखे दहा नग म्हणून करायला घेतलं की उसवणं परवडत नाही. हातानं विणायला लागलेल्या तासांचा दाम यंत्रावरच्या स्वेटरशी स्पर्धा करून कधीच निघत नाही. म्हणजे आनंदही गेला आणि पैसाही धड मिळाला नाही. बाईचं हित ज्यांना हवं आहे त्यांनी हा हिशेब तरी नीट मांडावा.

धंदा म्हणून विणणारे लोक आपल्या भागात आहेत, आणि त्यांची गोष्ट वेगळी आहे. माणदेशात धनगरांच्या मेंढ्यांची लोकर, तिचं सूत आणि सनगरांच्या मागावरची घोंगडी ही कित्येक पिढ्यांची साखळी आहे. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पाऊस आणि थंडी दोन्ही झेलते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’मुळे तो मेंढपाळांचा मुलूख सगळ्या महाराष्ट्राच्या ओळखीचा झाला, पण घोंगडी विणणाऱ्याला त्या ओळखीनं भाव मिळवून दिला नाही. त्या विणकराला दाम मिळालाच पाहिजे, त्यासाठी मेळावे घ्या, बाजारपेठ शोधा, सरकारशी भांडा. जिथं पोटाचा प्रश्न आहे तिथं बाजार उभा करण्यात आपण कमी पडलो. जिथं पोटाचा प्रश्न नाही तिथं मात्र आपण बाजार घेऊन दारात जातो.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळते, कारण त्याचं म्हणणं जास्त गंभीर आहे. घर आणि सुधारणा हे एकमेकांच्या आड येतात, असं तो मानतो. याला उत्तर द्यायला मला दूर जावं लागत नाही. पलूस तालुक्यात कुंडल आहे आणि त्याच्या शेजारी किर्लोस्करवाडी.

१९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराचा कारखाना उभा केला. त्याच वसाहतीतून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली, तिचं पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, आणि १९३० साली ‘स्त्री’ निघालं. नांगर बनवणाऱ्या गावातून बायकांसाठी मासिक निघावं ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती! या मासिकानं घरसंसार हा विषय कमीपणाचा मानला नाही, आणि घटस्फोट, विधवाविवाह, संततिनियमन हे विषय घराबाहेरचे मानले नाहीत. ते स्वयंपाकघरात वाचलं गेलं. आमटीला उकळी येईपर्यंत चार पानं वाचणारी, दुपारी शेजारणीला वाचून दाखवणारी बाई ही त्याची वाचक होती. घरातला निवांत वेळ हाच तिच्यासाठी विचार करण्याचा वेळ होता. तो वेळ नसता तर सुधारकांचे लेख वाचले कुणी असते?

आणि त्याच कुंडलमध्ये १९१३ साली कमलाबाई ओगले जन्मल्या. शिक्षण चौथीपर्यंत. लग्न होऊन त्या सांगलीला आल्या आणि स्वयंपाक सासूबाईंकडून शिकल्या. १९७० साली त्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. यावर पहिला पक्ष लगेच म्हणेल, बघा, शेवटी विकलंच ना! हो, पुस्तक विकलं गेलं. पण त्या पुस्तकात जे आहे ते विकण्यासाठी जमवलेलं नव्हतं. कित्येक वर्षं घरच्यांना आणि पाहुण्यांना रांधून खाऊ घालण्यातून हाताला जी अचूकता आली, ती त्यात उतरली. त्यातली मापं वाटी-चमच्याची आहेत. अंदाजानं, चिमूटभर, हाताला येईल तसं असं ज्या स्वयंपाकाबद्दल नेहमी सांगितलं जायचं, तो त्यांनी मोजून दाखवला. त्यामुळे आई-सासू जवळ नसलेल्या, नोकरीसाठी परगावी गेलेल्या, परदेशात एकट्या राहणाऱ्या माणसाला आमटी-भात करता येऊ लागला. यात मुलगेही आले. चौथी शिकलेल्या बाईनं महाराष्ट्राला एक विद्या शिकवली, आणि ती तिला स्वयंपाकघरातच मिळाली होती. स्वयंपाकघरात बुद्धी गंजते असं म्हणणाऱ्यांनी या बाईंचं काय करायचं ते सांगावं.

कुंडल म्हटल्यावर प्रतिसरकारचीही आठवण निघणारच. क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी १९४३ पासून तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, ज्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग होता, गावोगाव इंग्रजांना न जुमानणारा कारभार चालवला. कुंडल हे त्याचं मोठं ठाणं. भूमिगतांना रात्री-अपरात्री भाकरी कुणी दिली? घराघरांतल्या बायकांनी. नानांची कन्या हौसाताई पाटील २०२१ साली वारल्या. त्या प्रत्यक्ष कारवायांत उतरल्या होत्या. त्यांच्या पिढीच्या बायकांना भाकरी थापणं आणि सरकार उलथवणं यांत विरोध दिसला नाही. तो आपण नंतर पाहायला शिकलो.

प्रतिपक्षाचा सगळ्यांत भक्कम मुद्दा आकड्यांचा आहे, आणि तो मी टाळणार नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांची ९७. त्यातही मुळात अशी कामं करणारे पुरुष २६.१ टक्के आणि बायका ८१.२ टक्के. २०२४ साली पुन्हा सर्वेक्षण झालं. बायकांची मिनिटं २८९ झाली, पुरुषांची ८८. बाईचा भार दहा मिनिटांनी हलका झाला, आणि पुरुषांनीही आपला हात नऊ मिनिटांनी आखडता घेतला. पाच वर्षांत एवढीच प्रगती. या आकड्यांपुढे घरातल्या आनंदाबद्दल बोलताना संकोच वाटतो, आणि वाटायला हवा. ज्या बाईला पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत पाठ टेकता येत नाही, तिला विणकामाचं सुख सांगायला जाणं हा निर्दयपणा आहे.

पण या आकड्यांवरून काढला जाणारा निष्कर्ष मला मान्य नाही. चूल म्हणजे बंधन, म्हणून चूल सोडा, असं म्हणणाऱ्या घरात शेवटी स्वयंपाक करतं कोण? पोळ्या करायला येणाऱ्या मावशी. म्हणजे बंधन नाहीसं झालं नाही. ते एका बाईच्या खांद्यावरून उतरून तिच्याहून गरीब बाईच्या खांद्यावर गेलं, आणि तिच्या घरची २८९ मिनिटं तिची वाट पाहत आहेतच. पुरुष दोन्ही घरांत बाहेरच्या खोलीतच बसलेला आहे.

त्याला आत आणायचं असेल तर आतल्या कामाची निंदा करून तो येणार नाही. जे काम सगळे मिळून हलकं, मेंदू नसलेलं, वेळ खाणारं म्हणून हिणवतात, त्यात आपणहून कोण हात घालेल? मुलगा लहानपणापासून ऐकतो की आई हुशार होती पण स्वयंपाकघरात अडकली. तो शहाणा मुलगा तिथं अडकायचं टाळतो. घरकामाचा तिरस्कार करून समानता येईल अशी आशा ज्यांनी धरली, त्यांनी पुरुषाला पळ काढायला उत्तम कारण मिळवून दिलं. भाकरी गोल फुगवणं, कुकर न लावता डाळ नेमकी शिजवणं, घरातल्या आजाऱ्याला मऊ भात आणि मेतकूट वेळेवर देणं हे कसब आहे, त्यात समाधान आहे आणि ते मुलानंही शिकावं असं आहे, हे आधी मनापासून मानावं लागेल.

चुलीला आणि पंगतीला असं मोल देणं आपल्या मातीत करून दाखवलेलं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात शाहू बोर्डिंग सुरू केलं. वेगवेगळ्या जातींची मुलं तिथं एकत्र राहत आणि एका पंगतीला जेवत. बोर्डिंगच्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही मोडलं. ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो आणि पुढं जातो. थोडं थांबलं पाहिजे. स्पृश्यास्पृश्यता मोडण्याचं काम वर्गाइतकंच पंगतीत झालं. कोण कुणाच्या हातचं खातं, कोण कुणाशेजारी बसतं, हे जिथं ठरतं ती जागा क्षुल्लक कशी?

उन्हाळ्यात आमच्याकडे वर्षाची चटणी होते, तेव्हा हे मला दरवर्षी नव्यानं पटतं. बाहेरच्यांसाठी सांगते: इकडं चटणी म्हणजे कांदा-लसणाचा तिखट मसाला. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला. मिरच्या उन्हात कडक करायच्या, देठं काढायची, खोबरं भाजायचं, तीळ-धने भाजायचे, कांदा वाळवून तळायचा, लसूण सोलायचा, मग डंकावर जाऊन नंबर लावायचा. हे कष्टच आहेत. हातांची आग होते, घसा बसतो. पण चार घरच्या बायका एकत्र बसून लसूण सोलतात तेव्हा जे बोलणं होतं, जी खबर लागते, ज्या सुनेला माहेरची आठवण येते ती ज्या मोकळेपणानं रडते, ते दुसरीकडं कुठं होत नाही. प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं, आणि प्रत्येकीला आपलंच खरं वाटतं. विकतची चटणी बाजारात मिळते, चांगलीही असते, आणि ज्यांना वेळ नाही त्यांनी ती खुशाल आणावी. मात्र सगळ्यांनीच आणली तर सगळ्या गल्लीची आमटी एका चवीची होईल, आणि आपल्या जिभेला काय हवं हे ठरवण्याचा हक्क आपण पाकिटावर सोपवू. हे कष्ट आनंदाचे का होतात? कारण त्यात सोबत आहे, आणि ते वर्षातून एकदा आहेत. तेच काम एकटीनं, रोज, सांगितलं म्हणून करावं लागलं तर ती शिक्षा होते. म्हणून भांडायचं ते एकटेपणाशी आणि सक्तीशी. चटणीशी भांडण्यात अर्थ नाही.

वाचनावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण तिथं झालेलं नुकसान दिसत नाही. सावित्रीबाई फुले सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. मुलींना अक्षर शिकवलं म्हणून अंगावर शेण-चिखल झेलला त्यांनी. त्यांनी जो हक्क मिळवून दिला त्याचा अर्थ आज आपण फार आखूड केला आहे. मुलगी वाचते आहे म्हणजे परीक्षेचं वाचते आहे, असं समजलं जातं. जिल्ह्या-तालुक्याच्या गावांतल्या वाचनालयांमध्ये जाऊन पाहा. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका भरलेल्या असतात, मुलं-मुली डबा घेऊन सकाळी येतात ती रात्री जातात, आणि शेजारच्या कपाटांतल्या कथा-कादंबऱ्या-चरित्रांकडे फारसं कुणी फिरकत नाही. त्या मुलांना मी दोष देत नाही. नोकरी हवीच. पण नोकरी लागेपर्यंत नोकरीसाठी वाचायचं आणि लागल्यावर वाचायचंच नाही, ही सवय आपण लावतो आहोत.

हा भाग असा नव्हता. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे शाळेत जवळजवळ गेलेच नाहीत, तरी वाचायला शिकले आणि ‘फकिरा’ लिहिली. त्यांना कुठल्या परीक्षेनं वाचायला लावलं होतं? वाईला बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं, ते वाचणाऱ्या माणसांवर भरवसा ठेवून. सांगलीचं नगर वाचनालय १८६९ सालचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं आणि त्या वाचनालयाची पुस्तकं भिजून गेली, तेव्हा गाव हळहळलं. ती हळहळ खरी होती. पण पाणी न येताही जी पुस्तकं वर्षानुवर्षं कपाटातून बाहेर निघत नाहीत, त्यांच्यासाठी आपण हळहळत नाही.

पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं भिलार ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून कल्पना घेतली, राज्य मराठी विकास संस्थेनं ती राबवली, पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तकं ठेवली. तिथं किती पर्यटक आले, स्ट्रॉबेरीला किती गिऱ्हाईक वाढलं, असा त्याचा हिशेब मांडला जातो. गावाला चार पैसे मिळाले तर आनंदच आहे. माझ्या लेखी भिलारची थोरवी वेगळी आहे. तिथल्या माणसांनी पुस्तकांसाठी राहत्या घरातली खोली दिली. परकं माणूस येऊन आपल्या घरात बसतं, कवितासंग्रह काढतं, तासभर वाचतं आणि काही विकत न घेता उठून जातं, हे त्यांनी मान्य केलं. घरात वाचणं ही आदरानं जागा करून देण्याची गोष्ट आहे, हे एका शेतकरी गावानं सगळ्या राज्याला दाखवलं. आपल्याला ते आपल्याच घरातल्या बाईसाठी करता येत नाही का?

म्हणून माझं मागणं सातारा-सांगलीच्या वाचकांकडे आहे. शाळांनी विणकाम-शिवणकाम मुलींचं आणि स्वयंपाक आईचा, ही वाटणी बंद करावी, मुलग्यांच्या हातात सुया आणि लाटणं द्यावं, आणि त्याचे गुण ठेवू नयेत. वाचनालयांनी अभ्यासिका जरूर चालवाव्यात, पण कादंबऱ्यांच्या कपाटापाशीही दोन खुर्च्या आणि एक दिवा ठेवावा, आणि घरची कामं आटोपून बायका येऊ शकतील अशा वेळी दार उघडं ठेवावं. आणि घरातल्या पुरुषांनो, येत्या बेंदराच्या सणाला पुरण तुम्ही शिजवा, तुम्ही वाटा, पोळ्या तुम्ही लाटा. कटाची आमटीही तुम्हीच करा. त्या दिवशी घरातल्या बाईला तिच्या आवडीचं पुस्तक आणून द्या, आणि संध्याकाळपर्यंत तिला हाक मारू नका.